बंदरात उभ्या जहाजाचा धूर कुणाच्या छातीत जातो?

रायगड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरांमध्ये जहाज हा परका शब्द नाही. श्रीवर्धन, बाणकोट, दापोली, हर्णै या पट्ट्यात कुणाचे अब्बा बोटीवर, कुणाचे मामू, तर कुणाचा भाई. घरी फोन येतो, "आज बंदराला लागलोय." घरच्यांना वाटतं, चला, आता जहाज शांत उभं असेल.

वर्गात हा विषय निघाला की आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो: धक्क्याला बांधलेल्या जहाजाचं इंजिन बंद असतं का? बहुतेक मुलं "हो" म्हणतात. ज्याच्या घरात खलाशी आहे, तो मात्र म्हणतो, "नाही सर, जनरेटर चालूच असतो."

तो बरोबर असतो. जहाज पुढे नेणारं मुख्य इंजिन बंदरात बंद होतं. पण दिवे, पंप, भटारखाना, एसी आणि मालाच्या थंड कंटेनरांना वीज लागतेच. न्हावाशेवाहून द्राक्षं, मांस, मासळी परदेशी जाते ती अशाच थंड कंटेनरांतून. ही वीज जहाजावरची छोटी इंजिनं तयार करतात. छोटी म्हणजे फक्त मुख्य इंजिनाच्या तुलनेत. मोठ्या कंटेनर जहाजाला धक्क्यावर एक-दोन मेगावॅट किंवा त्याहूनही जास्त वीज लागू शकते आणि प्रवासी क्रूझ जहाजाला तर दहा मेगावॅटच्या आसपास. एवढी वीज करणारी इंजिनं जहाज उभं असेपर्यंत रात्रंदिवस तेल जाळतात. त्यातून गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू बाहेर पडतात, शिवाय बारीक काजळी.

भर समुद्रात हा धूर वाऱ्यावर पांगतो. बंदरात मात्र तो हमाल, ट्रक ड्रायव्हर, क्रेनवाले आणि शेजारच्या वस्त्यांच्या छातीत जातो. डिझेल इंजिनाच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. मुंबईची जुनी गोदी, माझगाव, डोंगरी, शिवडी आठवा. गोदीची भिंत आणि घरांची भिंत यात अंतर ते कितीसं?

उपाय सोपा, मग अडतं कुठे?

उपाय नवा नाही. जहाज धक्क्याला लागलं की किनाऱ्यावरून जाड केबल जोडायची, जहाजाचे जनरेटर बंद करायचे आणि गावाच्या विजेवर जहाज चालवायचं. याला शोअर पॉवर म्हणतात. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात २००० मध्ये आणि अलास्कातल्या जुनोमध्ये २००१ मध्ये मोठ्या जहाजांसाठी ही सोय सुरू झाली. म्हणजे पंचवीस वर्षं होऊन गेली.

तरीही ती सगळीकडे का पोहोचली नाही? पहिली अडचण तांत्रिक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तर जगातली बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झवर चालतात. मध्ये महागडं रूपांतर यंत्र बसवावं लागतं. दुसरी अडचण ‘आधी कोण’ ही. बंदर म्हणतं, जहाजांना जोडणीची सोयच नाही, आम्ही खर्च का करू? जहाज कंपनी म्हणते, बंदरात प्लग नाही, आम्ही सॉकेट का बसवू? तिसरी अडचण दराची. किनाऱ्याची वीज जहाजाच्या तेलापेक्षा महाग पडली तर कंपनी ती घेणार नाही. स्वीडन आणि जर्मनीने हे ओळखून २०११ मध्ये अशा विजेवरचा कर कमी केला.

हा तिढा आपोआप सुटत नाही, कायद्याने सुटतो. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम केला. २०१४ पासून तिथे ठराविक प्रकारच्या जहाज कंपन्यांना निम्म्या खेपांना किनाऱ्याची वीज घेणं किंवा धूर तितकाच कमी करणं बंधनकारक झालं. पुढे हे प्रमाण वाढत ८० टक्क्यांवर गेलं. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०३० पासून प्रमुख बंदरांत मोठ्या कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्याच्या विजेवरच यावं लागणार आहे.

लॉस एंजेलिसच्या रहिवाशांचा धडा

आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती लॉस एंजेलिसची गोष्ट. तिथल्या बंदरात एका चिनी कंपनीसाठी नवं टर्मिनल होणार होतं. शेजारच्या सॅन पेड्रो वस्तीतले रहिवासी आणि पर्यावरण संघटना २००१ मध्ये कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की धुराचा नीट अभ्यास न करता परवानगी दिली गेली. २००३ मध्ये तडजोड झाली. बंदराने वस्त्यांवरचा परिणाम कमी करण्यासाठी ५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि २००४ मध्ये ते टर्मिनल शोअर पॉवरसह सुरू झालं. कंटेनर जहाजांसाठी जगातली ही पहिली मोठी सोय, आणि ती मिळवली सामान्य रहिवाशांनी!

पण गोष्ट इथे संपत नाही. मान्य केलेल्या अटींपैकी काही पाळल्याच गेल्या नव्हत्या, हे २०१५ मध्ये उघड झालं. म्हणजे केबल बसवून भागत नाही. ती रोज जोडली जाते का, हे कुणीतरी पाहत राहावं लागतं.

आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ ही मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात बंदरांनी जहाजांना किनाऱ्यावरून वीज द्यावी, असं उद्दिष्ट आहे. दिशा योग्य आहे. पण मार्गदर्शक तत्त्व आणि कॅलिफोर्नियासारखा सक्तीचा नियम यात फरक आहे. ‘करावं’ आणि ‘केलंच पाहिजे’ यातला फरक प्रत्येक मास्तरला ठाऊक असतो.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर उभं राहत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, तो प्रश्न स्वतंत्र आणि गंभीर आहे. पण बंदर होणारच असेल, तर प्रत्येक धक्क्यावर पहिल्या दिवसापासून वीजजोडणी हवी. घर बांधून झाल्यावर भिंती फोडून वायरिंग करणं किती महाग पडतं, हे आपण जाणतो.

एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. आपली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. मग बंदरातला धूर फक्त चंद्रपूरला हलवला, असं होणार नाही का? काही अंशी होईल. वाढवण ज्या डहाणू तालुक्यात आहे, तिथेच मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारं कोळशाचं केंद्र आहे. तिथली माणसंही श्वास घेतात. म्हणून बंदराच्या विजेसोबत सौर आणि पवन ऊर्जेचा करार हवा. पण आधी कोळसा जाऊ दे मग केबल टाकू, हे म्हणणं चुकीचं आहे. ग्रिड वर्षागणिक स्वच्छ होऊ शकतं. जहाजातला जनरेटर मात्र तेलच जाळत राहतो.

आपण काय करायचं?

पहिलं, प्रश्न विचारायचे. आपल्या शेजारच्या बंदरात किती धक्क्यांवर ही सोय आहे? वर्षभरात किती जहाजांनी ती वापरली? आसपासच्या हवेची मोजणी कुठे होते आणि आकडे लोकांना दिसतात का? माहिती अधिकाराचा अर्ज कुणीही करू शकतो.

दुसरं, मुलांच्या भविष्याकडे पाहायचं. आपल्या अनेक घरांत बोटीवर जाणं म्हणजे डेक किंवा इंजिन एवढंच डोक्यात असतं. पण जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हेही पद असतं आणि बंदरात उच्च दाबाची वीज हाताळणारे कुशल हात लागणार आहेत. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींनी ही दिशा लक्षात ठेवावी. घरापासून सहा-नऊ महिने दूर न राहताही समुद्राशी नातं टिकवता येईल.

गोदीत पाठीवर गोणी वाहून आपल्या बुजुर्गांनी शहराचा व्यापार उभा केला. खोकत घरी येणं ही त्या कामाची किंमत आहे, असंच त्यांनी मानलं. त्यांच्या नातवंडांनी तसं मानायचं काही कारण नाही.