मधला खंड कोण वाचतो?

मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाचे परीक्षण येते, कारण ते नवे असते. शेवटच्याचे येते, कारण हिशेब मिटवायचा असतो. मधल्या पुस्तकाच्या वाट्याला फार तर ‘साभार पोच’च्या यादीतली एक ओळ येते. जिन योंग यांच्या युद्धकला-कादंबरीच्या दुसऱ्या इंग्रजी खंडावर लिहू का, असे मी एका संपादकांना विचारले. उत्तर आले, “दुसऱ्यावर काय लिहिणार? चारही एकदम घ्या, नाहीतर राहू द्या.” हे उत्तर एकट्या माणसाचे नाही. आपल्या वाङ्मयीन वर्तुळातली ती रूढी आहे. ती रूढी आळसातून आली आहे आणि वाचकाचे नुकसान करणारी आहे, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

आधी वस्तुस्थिती. जिन योंग हे हाँगकाँगचे पत्रकार-संपादक लुई चा (१९२४–२०१८) यांचे टोपणनाव. गरुडवेधी वीरांची त्यांची कादंबरी १९५७ ते १९५९ या काळात तिथल्या एका दैनिकात रोज थोडी थोडी छापून येत होती. तिच्यापुढे आणखी दोन कादंबऱ्या आल्या आणि त्रयी झाली. इंग्रजीत आणताना या पहिल्या कादंबरीचेच चार खंड केले गेले. ते २०१८ ते २०२१ या वर्षांत निघाले. ‘अ बाँड अन्डन’ हा त्यातला दुसरा, २०१९ चा. म्हणजे लेखकाने ‘दुसरे पुस्तक’ असे कधी लिहिलेच नव्हते. तरी ‘हा खंड स्वतंत्रपणे उभा राहत नाही’ ही तक्रार ऐकू येतेच. भाकरीचे चार चतकोर करायचे आणि मग चतकोर गोल नाही म्हणून भाकरीला नावे ठेवायची, असला हा प्रकार आहे.

या चतकोरात आहे तरी काय? नायक ग्वो जिंग मंगोलांच्या गवताळ प्रदेशात वाढलेला, मनाने सरळ आणि बुद्धीने मंद. त्याची सोबतीण हुआंग रोंग विलक्षण हुशार. वाटेत त्यांना नऊ बोटांचा एक खादाड भिकारी भेटतो. हा होंग छीगोंग, त्या काळच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्यांपैकी एक. खाण्याच्या नादात एकदा वेळेवर पोचला नाही, एक जीव गेला, म्हणून त्याने स्वतःचे बोट तोडून टाकले आहे. खादाडपणा मात्र गेलेला नाही. हुआंग रोंग त्याला रोज नवा पदार्थ करून घालते, आणि त्या बदल्यात तो ग्वो जिंगला आपले तळहाताचे वार शिकवतो. वार एकूण अठरा. शिकवतो पंधरा. ‘तू माझा शिष्य नाहीस’ हे बजावत शिकवतो. उरलेले तीन मागे ठेवतो.

पहिल्याच वाराचे नाव ‘यी जिंग’ या प्राचीन ग्रंथातून घेतले आहे: गर्विष्ठ ड्रॅगनला होणारा पश्चात्ताप. या वाराचे मर्म बाहेर फेकलेल्या ताकदीत नाही, आत राखून ठेवलेल्या ताकदीत आहे, हे त्या मंद मुलाला समजावून सांगावे लागते. तो झाडावर हात मारत राहतो. दिवस जातात. पाने उलटतात. नेमके इथे आपले समीक्षक जांभई देतात. ‘कथानक पुढे सरकत नाही’, ‘व्हिडिओ गेमसारखा नायक नुसता पायऱ्या चढतो’.

या तक्रारीचे मला खरेच आश्चर्य वाटते. गुरूच्या घरी पाणी भरत, एकाच रागाचे पलटे घोटत वर्षे काढणाऱ्या गायकांच्या आठवणी आपण भक्तिभावाने वाचतो. तिथे ‘कथानक कुठे आहे’ असे कोणी विचारत नाही. शिकणे संथ असते, त्यात पुनरावृत्ती असते, गुरूची लहर असते, त्याच्या जिभेचे चोचले असतात, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. मग तेच एका चिनी साहसकथेत आले की ते भरताड कसे होते?

ज्या गोष्टींना आपण एरवी साहित्य म्हणतो, त्याही याच भागात आहेत. ग्वो जिंग आणि यांग कांग या दोघांची नावे मिळून ‘जिंगकांग’ होते. सुंग साम्राज्याची राजधानी जुर्चेन सैन्याने लुटली, सम्राटांना कैद करून नेले, त्या मानहानीच्या पर्वाचे हे नाव. मुलांनी ते विसरू नये म्हणून जन्माआधीच नावे ठरली. पण यांग कांग वाढतो तो शत्रूच्या राजवाड्यात, राजपुत्र म्हणून. आपला खरा बाप कोण हे त्याला कळते, आणि तो बाप त्याच्या डोळ्यांदेखत मरतो. नंतरही तो राजवाड्याकडेच ओढला जातो. एका झटक्यात नव्हे. थोडा थोडा, कारणे शोधत, स्वतःला समजावत. माणूस असाच घसरतो. ही घसरण दाखवायला मधलाच भाग लागतो. सुरुवातीत ती बसत नाही, आणि शेवटी उरतो तो निकाल.

बहुभाषी वाचकांना तर हे सांगायची गरज पडू नये. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता संतति’चे भाग लोकांनी वाट पाहून वाचले. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ दर आठवड्याला तमिळ घरांत येत होती. मराठीत हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. या वाचकांनी बहुतेक काळ मध्यातच काढला. शेवट कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते. आणि महाभारत आदिपर्वापासून ओळीने वाचत कोण आत शिरले आहे? गीता सापडते ती अठरांपैकी सहाव्या पर्वात. ‘मधला भाग सुटा वाचता येत नाही’ म्हणणाऱ्याने हे एकदा आठवावे.

सगळे मधले खंड चांगले असतात असा माझा दावा नाही. रोजचा रकाना भरताना लेखक पाणी घालतो. जिन योंगनीही पुढे सत्तरच्या दशकात आपल्या कादंबऱ्यांवर कात्री चालवली, पात्रे बदलली. पण खंड फोल आहे की नाही हे वाचून ठरवायचे असते, क्रमांक बघून नव्हे. माझी कसोटी सोपी आहे: हा भाग काढला तर पुढचे टिकते का? त्रयीच्या दुसऱ्या कादंबरीत हाच ग्वो जिंग मंगोल सैन्यासमोर शियांगयांग शहर राखत उभा आहे. ज्यांच्यात तो वाढला त्यांच्याविरुद्ध, जे शहर १२७३ मध्ये पडले हे प्रत्येक चिनी वाचकाला माहीत आहे त्या शहरासाठी. ताकद राखून ठेवायला तो कुठे शिकला हे ज्याने पाहिले नाही, त्याला तो तिथे नुसता पुतळा दिसेल.

आणखी एक नुकसान आहे आणि ते जित्या माणसांचे आहे. पहिला खंड ॲना होमवुड यांनी अनुवादला, दुसरा जीजी चँग यांनी. दुसऱ्या अनुवादकाला नावे, सूर, वारांची परिभाषा आयती मिळते, म्हणजे बांधलेलीही मिळते. हुआंग रोंग ही ‘लोटस’ झालेली असते आणि ग्वो जिंग मात्र ग्वो जिंगच राहिलेला असतो; तो निर्णय पुढे निभावावा लागतो. दुसऱ्याने मांडलेल्या संसारात आपला आवाज लावणे हे अनुवादातले सर्वांत अवघड काम. आम्ही बहुभाषी म्हणवणारे लोक त्याच कामावर अवाक्षर लिहीत नाही. अनुवादकांच्या बाजूने परिसंवाद भरवायचे आणि दुसऱ्या खंडाला पोचेच्या यादीत ढकलायचे, ही आपली दुटप्पी वागणूक आहे.

म्हणून मागणी साधी आहे. संपादकांनी मधला खंड परीक्षणाला द्यावा. परीक्षकांनी मागचा गोषवारा चार ओळींत उरकून समोरच्या पानांबद्दल बोलावे. वाचकांनी ‘चारही आले की बघू’ म्हणत बसू नये. अठरांपैकी पंधरा वार येणारा माणूस अपुरा असतो, हे खरे. पण आपण सगळे आयुष्यभर त्याच हिशेबात असतो, आणि त्या अवस्थेबद्दल लिहिणारे पुस्तक बाजूला सारायला आपल्याला क्रमांकापेक्षा बरे कारण हवे.