पुडा हुंगून उदबत्ती घेऊ नका

पंढरपुरात असो की तुळशीबागेत, उदबत्तीच्या दुकानासमोर आपण सगळे एकच करतो. पुडा नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि ‘हा द्या’ म्हणतो. फसगत होते ती इथंच.

बाजारातल्या बऱ्याचशा काड्या कोळशाच्या पुडीच्या असतात. त्या आधी कोऱ्या वळतात आणि मग सुगंधी द्रावात बुडवून वाळवतात. द्राव पातळ करायला डायइथाइल थॅलेटसारखं रसायन वापरतात. अशा पुड्याचा घमघमाट झाकण उघडताच नाकात शिरतो, पण काडी पेटली की मागे उरतो तो जळकट वास. मसाला उदबत्तीत सुगंध पिठातच मळलेला असतो. लाकडाची पूड, राळ, गुग्गुळ, ऊद, वाळा, नागरमोथा असं काहीबाही दळायचं, जिगट म्हणजे सालीची चिकट पूड घालून मळायचं, बांबूच्या काडीवर वळायचं आणि वरून कोरडी पूड लावायची. अशी काडी खरबरीत लागते, बोटाला पूड चिकटते. नागचंपासारख्या प्रकारात हलमड्डी, म्हणजे महारुखाच्या कुळातल्या झाडाचा डिंक, घालण्याची जुनी रीत आहे. तो हवेतली ओल ओढतो, म्हणून काडी मऊ लागते. ‘ओली निघाली’ म्हणून ती परत करायला जाणारे मी पाहिलेत!

पण मसाला म्हणजे अस्सल, असंही धरून चालू नका. त्यातही कोळसा असतो, कृत्रिम सुगंध असतो. वीस रुपयांच्या पुड्यावर चंदनाचं खोड छापलेलं असलं, तरी आत चंदनाचं तेल घालणं कुणालाच परवडणार नाही. राख पांढरी पडली की माल चांगला, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. कोळसा नीट जळला तरी राख पांढरीच पडते.

तेव्हा आधी लहान पुडा घ्या. घरी खिडकी किलकिली ठेवून एकच काडी लावा आणि पाच-सहा फुटांवर बसा. धुरात नाक घालू नका. पहिल्या मिनिटावरून मत बनवू नका. डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर पुडा बाजूला ठेवा. काडी विझली की खोलीबाहेर जा आणि अर्ध्या तासाने परत या. तेव्हा लाकडाचा, राळेचा मंद वास राहिला असेल तर माल बरा. जळक्या बांबूचा आला, तर काडीवर मसाला कमीच होता. घरात दम्याचं माणूस असेल तर मात्र ही परीक्षाही नको. उंची उदबत्तीचा झाला तरी धूर तो धूरच.

पसंत पडली तर मोठा पुडा घ्या, पण काड्या मोजून नव्हे, ग्रॅम बघून. आणि मोगरा नि चंदन एका डब्यात ठेवू नका. थोड्याच दिवसांत कुठली कुठली ते कळेनासं होतं.