२०१६ ची गाणी आणि आमची अहिराणी

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या निवडीच्या वेळी एका गटाने नाचासाठी अहिराणी गाणे आणले होते. "काहीतरी दर्जेदार घ्या," असा सल्ला त्यांना मिळाला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी गटाने 'काला चश्मा' आणले आणि ते एका झटक्यात पसंत पडले. या 'दर्जा' नावाच्या वस्तूविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

'काला चश्मा' हे २०१६ साली गाजलेले गाणे; चित्रपट 'बार बार देखो'. पण गाणे मूळचे त्याच्या कितीतरी आधीचे आणि पंजाबी. ते लिहिणारे अमरीक सिंग शेरा हे तेव्हा शाळकरी पोर होते, पुढे पंजाब पोलिसांत नोकरीला लागले. म्हणजे हेदेखील एका खेड्यातल्या मुलाने आपल्या घरच्या भाषेत रचलेले गाणे! त्याच वर्षीची 'चन्ना मेरेया', 'जग घूमेया', 'कर गई चुल' ही गाणी आठवा. पंजाबीवाचून हिंदी चित्रपटाचे पान हलत नाही. आमच्या गल्लीत 'मेरेया'चा अर्थ कुणाला ठाऊक होता? तरी हळदीच्या रात्री सगळे नाचले, आणि पंजाबी गावंढळ आहे असे कुणीही म्हटले नाही. मग अहिराणीनेच काय घोडे मारले आहे?

पण २०१६ हे साल मला आठवते ते 'काला चश्मा'मुळे नव्हे, 'सैराट'मुळे. मी तेव्हा चौथीत होते. नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट २९ एप्रिलला लागला. अजय-अतुल यांची गाणी मात्र त्याआधीच गावात पोचली होती. कशी पोचली, हेही सांगितले पाहिजे. जिओचे नेट आले सप्टेंबरात. एप्रिलमध्ये आमच्याकडे गाणे मिळे ते मोबाईलच्या दुकानात, पैसे देऊन मेमरी कार्डात भरून. ज्याच्या कार्डात 'झिंगाट' त्याच्याभोवती पोरांचा घोळका. लग्नसराई ऐन भरात होती. बँडवाल्यांनी ते गाणे आठ-दहा दिवसांत बसवले, आणि एका वरातीत ते किती वेळा वाजले याची मोजदाद ठेवणे शक्यच नव्हते. पूर्वी 'बिनाका गीतमाला'त अमीन सयानी वर्षाअखेर गाण्यांचा क्रम सांगत. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून तो ठरे. आमच्या खेड्यातून कोण पत्र पाठवणार? आमचे मत वरातीत पडते, आणि ते कुठल्याच यादीत मोजले जात नाही. (त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली. तुळशीचे लग्न झाल्यावर बँडवाल्यांना सुपारी द्यायलाही लोकांकडे चालणाऱ्या नोटा नव्हत्या. गाणे तेच, पण वरातीचा आवाज बसलेला.)

'झिंगाट' सवंग आहे, असे आमच्या काही प्राध्यापकांचे मत आहे. त्यांचा मान राखून मी एवढेच म्हणेन की त्या चित्रपटात चार गाणी आहेत, एकच नाही. 'झिंगाट' ऐकून चित्रपटगृहात लोक खुर्च्या सोडून नाचले, पैसे उधळले, हे खरे. पण 'याड लागलं' ऐकताना तीच माणसे गप्प होत होती. करमाळ्याकडच्या बोलीतले शब्द, शाळेच्या पुस्तकात लिहिले तर बाई ज्यावर लाल रेघ मारतील असे शब्द, आणि त्यांच्यामागे हॉलीवूडच्या सोनी स्टुडिओत वाजवलेला मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद! बोलीतला मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाचतो हे लोकांना आधीच माहीत होते. तोच मुलगा हळुवार प्रेम करू शकतो, आणि त्याच्या हळुवारपणाला व्हायोलिनांचा साज शोभतो, हे त्या गाण्याने पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने सांगितले. असा वाद्यवृंद हाताशी असूनही चित्रपटाच्या शेवटी जातीपायी खून होतात तेव्हा पडद्यावर कुठलाच सूर नाही, निव्वळ शांतता आहे. ज्यांना ती शांतता आठवते त्यांनी 'झिंगाट'ला सवंग म्हणण्याआधी थोडे थांबावे. २०१८ मध्ये 'धडक' या हिंदी चित्रपटात हीच चाल हिंदी शब्दांनिशी आली. नाच तोच होता, पण करमाळ्याची माती मला कुठे सापडली नाही.

आता आपल्या घराकडे वळते. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिकचा बागलाण-मालेगावाकडचा भाग, एवढ्या मुलखात अहिराणी बोलली जाते. गेल्या काही वर्षांत तिलाही हिट गाणी मिळाली आहेत. 'केसावर फुगे' ऐकले नाही असा माणूस धुळे-जळगाव एस.टी.त सापडणार नाही; 'झुमकावाली पोर' तर खान्देशाबाहेर पुण्या-मुंबईच्या लग्नांत वाजते. ही गाणी कुठल्या मोठ्या कंपनीने नव्हे, आपल्याच भागातल्या कलाकारांनी गावात, शेतात चित्रण करून पुढे आणली. मला त्यांचा अभिमान आहे, आणि संमेलनात ती झालीच पाहिजेत असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी एक तक्रार आहे, आणि ती अहिराणीवाल्यांकडेच आहे. आमच्याकडे 'झिंगाट' पुष्कळ झाली, 'याड लागलं' कुठे आहे? जे गाणे येते ते डीजेच्या ठेक्यावर, पोरीच्या झुमक्यावर, साडीवर नाहीतर चालण्यावर. त्या पोरीला स्वतःला काय वाटते, हे तिच्या तोंडून अहिराणीत ऐकायला मिळत नाही. बोली फक्त नाचण्यापुरती उरली, तर तिला दर्जा नाही म्हणणाऱ्यांना आपणच पुरावा देतो.

असे गाणे आपल्या मातीत होत नाही, असे कोण म्हणेल? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या रचना १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून घराघरांत पोचल्या. त्याही त्या काळची हिट गाणीच होती! (बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे, हे जळगावचे मित्र लगेच सांगतील. कबूल आहे. पण शेजारणीच्या अंगणात पीक आले म्हणजे पाऊस आपल्याकडेही पडतो, एवढे तरी सिद्ध होते.) आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बोलीतल्या बाईचे नाव पदवीच्या कागदावर चालते, तिच्या शेजारची बोली रंगमंचावर का चालू नये?

२०१६ साली आखाजी ९ मेला होती, म्हणजे 'सैराट' लागल्यावर दहाच दिवसांनी. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात निंबाला झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या सासुरवाशिणी झोक्यावर गात होत्या. पलीकडच्या ओट्यावर पोरांनी स्पीकर लावून 'झिंगाट' सोडले होते. मला वाटले, आता आजी त्यांना हाकलणार. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हाई बी गानंच शे ना." मग स्पीकर थांबल्यावर तिने आपले गाणे पुढे सुरू केले. सासरी वाट बघणाऱ्या, भाऊ न्यायला येत नाही म्हणून झुरणाऱ्या मुलीचे ते गाणे होते. त्याला ठेका नव्हता, झोक्याची करकर एवढीच साथ होती. 'याड लागलं'इतकेच ते मला लागले.

आजीला अक्षरओळख नाही. गेल्या दोन सुट्ट्यांत मी तिच्याकडून आखाजीची, गुलाबाईची आणि कानबाईची गाणी वहीत उतरवून घेतली आहेत. दोनशे पानी वही अर्ध्याहून जास्त भरली. काही ठिकाणी तिलाच पुढची ओळ आठवत नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे, कुणाच्या आजीला आठवली तर भरता येईल. चाली मला गाता येतात, पण स्वरलिपी येत नाही. महाविद्यालयात पेटी, तबला, गिटार वाजवणारे पुष्कळ आहेत, आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करणारे तर सगळेच. वही मी रोज बरोबर आणते. दुसऱ्या तासानंतर मी वाचनालयात असते.