थंडीत अडकणारा गिअर

हिवाळ्याच्या सकाळी जुन्या मोटारसायकलचा पहिला गिअर खटकन पडतो किंवा न्यूट्रल सापडत नाही, तेव्हा दोष गिअरबॉक्सचाच असतो असे नाही. हीरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. थंडीत हे ऑइल घट्ट होते, क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि क्लच दाबूनही इंजिनाची ओढ गिअरपर्यंत पोहोचत राहते. तपासणीची सुरुवात इंजिन बंद असताना करावी. गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून ढकलावी. जड गेली तर प्लेटा चिकटल्या आहेत. चार-पाच किलोमीटर चालवल्यावर त्रास थांबला, तर ऑइल जुने झाले आहे का, त्याची ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आहे का, हे पाहावे. लिव्हरच जड वाटला तर क्लच वायरमधील वाळलेले ग्रीस, गंज आणि तुटलेल्या तारा तपासाव्यात. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) हवा. तो जास्त असल्यास क्लच पुरता सुटत नाही. इंजिन तापूनही गिअर अडत राहिला, तरच वाकलेल्या प्लेटा, खाचा पडलेले क्लच हाउसिंग किंवा झिजलेला शिफ्ट फोर्क यांचा संशय घ्यावा. ऑइल आणि वायर तपासल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये.