निळ्या खड्याचें अंतरंग

मंदबुद्धीच्या मुलास ‘दगड’ म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु ज्यांनीं दगडाचें अंतरंग पाहिलें, त्यांस ही उपमा दगडावरच अन्याय करणारी वाटेल. अशाच एका दुर्मिळ खनिजाची हकीकत आम्ही ह्या महिन्यांत वाचकांपुढे ठेवीत आहों.

अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत एक निळेंशार खनिज सांपडलें. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट ह्या घटकांच्या नांवांचीं आद्याक्षरें जुळवून त्यास ‘कॅव्हन्साइट’ हें नांव मिळालें. त्याच्या सोबतीस दुसरें एक निळें खनिज होतें. त्याचे जुळे स्फटिक पांच टोकांच्या चांदणीसारखे दिसत, म्हणून तें ‘पेंटागोनाइट’. आश्चर्य हें कीं, रासायनिक पृथक्करणांत दोहोंचे घटक तेच आणि प्रमाणही तेंच! मग भेद कशांत? त्याचा निर्णय करण्यास अणु कोठें व कसे बसले आहेत, हें पाहणें भाग होतें.

प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारों पट असल्यामुळें त्या प्रकाशांत अणु दिसत नाहींत. क्ष-किरणांची मात्र जवळजवळ त्या अंतराएवढीच असते. १९१२ सालीं जर्मनींत लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, तेव्हां कांचेवर ठराविक जागींच ठिपके उमटले. त्यांवरून अणूंची मांडणी काढण्याची रीत इंग्लंडांत ब्रॅग पितापुत्रांनीं घालून दिली.

परंतु येथें एक मोठी अडचण असते. ठिपक्याचें तेज मोजतां येतें. तो तरंग इतरांच्या किती पुढें वा मागें होता, हें मात्र नोंदलें जात नाहीं. आरतींत टाळ किती जोरानें वाजला हें कळावें, पण ठोका आधीं पडला कीं मागून हें कळूं नये, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून संशोधकानें मांडणीचें अनुमान करावें, त्यावरून ठिपक्यांचें तेज गणितानें काढावें, आणि तें प्रत्यक्षाशीं जुळेपर्यंत अनुमान सुधारीत राहावें.

अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील हॉवर्ड इव्हान्स यांनीं १९७३ सालीं दोन्ही खनिजांची रचना प्रसिद्ध केली. एका सिलिकॉनभोंवतीं चार प्राणवायु, असे चतुष्फलक कोपऱ्याशीं कोपरा जोडून दोहोंतही थर बनतात. त्या थरांस व्हॅनेडियम व कॅल्शियम सांधतात, आणि पोकळींत पाणी राहतें. भेद एवढाच कीं, कॅव्हन्साइटच्या थरांत चार-चार व आठ-आठ चतुष्फलकांचीं कडीं असतात, तर पेंटागोनाइटच्या थरांत सहा-सहांचीं. घरांतील मुलींस हें चटकन् कळेल: ठिपके तेवढेच, पण रेघा निराळ्या जोडल्या कीं रांगोळी निराळी.

हें सारें दूरदेशचें, असें मात्र कोणी समजूं नये. कॅव्हन्साइटचे जगांतील उत्कृष्ट नमुने पुढें आपल्या पुण्याजवळच, वाघोलीच्या दगडखाणींत निघाले. पेंटागोनाइटही तेथें मिळालें. ह्या खाणी चालत त्या खडीसाठीं; तेव्हां जो धोंडा कोणी पारखला नाहीं, तो रस्त्याखालीं गेला. आपल्या मुलांस फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळींत क्षणभर डोकावण्याची संवय वडीलधाऱ्यांनीं लावावी, एवढीच आमची सूचना आहे.