वॉर्ड ऑफिसची पायरी चढू या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. आपण दादरकरांनी त्या यादीत वॉर्ड ऑफिसचीही पायरी घालून टाकली आहे.

प्लाझा सिनेमाच्या मागच्या बाजूला, हरिश्चंद्र येवले मार्गावर जी-उत्तर विभागाचे कार्यालय आहे. जन्माचा दाखला हवा असेल, पाण्याच्या बिलात घोळ झाला असेल, एखादा परवाना अडला असेल, तर आपण तिथे जातो. काम झाले की घाम पुसत बाहेर पडतो. आपला रस्ता पुढच्या वर्षी कोण खणणार, आपल्या बागेसाठी किती पैसे ठेवलेत, हे विचारायला आपल्यातले किती जण गेले? टिळक पुलाच्या पलीकडे, हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत राहणाऱ्यांचा विभाग वेगळा, एफ-उत्तर. हे तरी तिथल्या किती जणांना ठाऊक आहे?

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवकच नव्हते. २२७ खुर्च्या रिकाम्या आणि कारभार प्रशासकाच्या सहीने. रस्ते खणले गेले, बुजवले गेले, पुन्हा खणले गेले. हजारो कोटींचे अर्थसंकल्प सभागृहातल्या एकाही प्रश्नाविना मंजूर झाले.

आपण काय केले? आधी चिडलो. मग चडफडलो. मग सवय झाली. खड्ड्यांपेक्षा मला या सवयीची जास्त धास्ती वाटते. विचारायचे कोणाला, हा प्रश्न चार वर्षे पडला आणि हळूहळू विचारणेच सुटले. आता नगरसेवक परत आले आहेत. पण आपण परत आलो आहोत का? जानेवारीतल्या मतदानाला निम्म्याहून थोडेच अधिक मुंबईकर बाहेर पडले. चार वर्षे निवडणूक हवी म्हणून ओरडलो आणि ती आली तेव्हा जवळजवळ निम्मे घरी बसलो!

शिवाजी पार्कचा कट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. त्यावर रोज संध्याकाळी क्रिकेट संघाच्या निवडीपासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांचा निकाल लागतो. फक्त समोरच्या गटारावरचे झाकण कधी बसणार, हा विषय निघत नाही. निघाला तरी ‘अहो, काही होत नाही’ या चार शब्दांवर मिटतो.

काही होत नाही? दादर तर ‘होते’ म्हणणाऱ्यांनी वसवलेले आहे. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीची मुंबई हादरली, तेव्हा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे मोकळी वस्ती आखली. ट्रस्टमधल्या मंचेरजी जोशी या अभियंत्याने साध्या पगारावरच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड मिळवले. घरे उभी राहण्याआधी रस्त्यांवर झाडे लावून घेतली. फाइव्ह गार्डन्सच्या सावलीत आपण आज फिरतो, ती सावली त्या पाठपुराव्याची. पुलाच्या अलीकडचे माहीम पार्क १९२७ मध्ये शिवाजी पार्क झाले, ते अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेच्या आग्रहावरून.

आणि बोले रोड? कबुतरखान्याकडून आगर बाजाराकडे जाताना आपण तिथे भाजी घेतो, रिकामी टॅक्सी मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे, त्या रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलमध्ये एक ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांनाही खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य करून चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले. तरी कोणाला पाणी मिळाले? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. मधे साडेतीन वर्षांहून अधिक काळ हक्क होता, पण फायलीत होता.

आपले कितीतरी हक्क आज असेच फायलीत आहेत. २००९ मध्ये आपल्या राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांना आपल्या भागापुरती सभा. दादरमध्ये अशी सभा भरलेली तुम्ही कधी पाहिलीत? प्रभाग समितीवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. ते कोण असावेत, हे आपण कधी सुचवले? कायदा करणाऱ्यांनी दार करून ठेवले आहे. कडी आतून आपणच लावली आहे, असे म्हटले तर राग मानू नका.

न विचारण्याची किंमत काय असते, ते आपल्याला एका सकाळी कळले. २९ सप्टेंबर २०१७. तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी स्टेशन. परळला जोडणाऱ्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि कामाला निघालेली २३ माणसे गेली. पूल अरुंद आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तक्रारी झाल्या होत्या. रुंद पुलाला मंजुरीसुद्धा मिळालेली होती. पुढे लष्कराला बोलावले, तेव्हा काही महिन्यांत पूल उभा राहून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. म्हणजे काम अशक्य नव्हते. त्या मंजूर कागदाचे पुढे काय झाले, हे दर महिन्याला जाऊन विचारणारी शंभर माणसे हवी होती. ती आपल्यातूनच यायची होती.

उलटही घडते, आणि तेही आपल्याच शहरात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात चुकाच चुका. लोक नकाशे पसरून बसले. आपली शाळा कुठे आहे, मैदान कुठे गेले, गावठाण का दिसत नाही, हे एकेक करून शोधले. गृहिणी, निवृत्त कारकून, वास्तुविशारद, कोळीवाड्यातले रहिवासी, सगळ्यांनी मिळून हजारो हरकती दिल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला लावला. एवढा मोठा आराखडा मागे गेला, तो कोणी दगड मारल्यामुळे नाही, मुदतीत अर्ज दिल्यामुळे.

शिवाजी पार्कच्या धुळीचेच पाहा. भोवतालच्या इमारतींत खिडकीच्या गजांवरून सकाळी फडके फिरवावे, तर संध्याकाळी बोट पुन्हा लाल. मैदानातल्या मातीविरुद्ध रहिवाशांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, बैठका घेतल्या, अधिकाऱ्यांना जागेवर आणले. प्रदूषण नियंत्रण मंडळाला अखेर यात लक्ष घालावे लागले. प्रश्न पुरता सुटलेला नाही. पण तो आता कोणाला झटकता येत नाही, हे त्या चिवट मंडळींचे काम.

इथे थोडे स्पष्ट बोलतो. आपला सहभाग फक्त ‘माझ्या खिडकीखाली नको’ एवढाच असेल, तर तो तोकडा आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. रांगा लावतात, पुस्तके विकत घेतात, स्वयंसेवक रात्रभर उभे राहतात. आपल्यातले काही जण त्या दिवशी खिडक्या लावून घेतात किंवा लोणावळा गाठतात. खरे तर नागरिक म्हणून एकत्र येणे कसे असते, याचा वस्तुपाठ आपल्या दारात येतो. पाण्याचे पिंप घेऊन खाली उतरणारे दादरकरही आहेत. त्यांची संख्या वाढायला हवी.

‘पण वेळ कुठे आहे?’ मान्य. लोकल, ऑफिस, मुलांचे क्लास, आईवडिलांची औषधे. पण १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासोबत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांना घरी कामे नव्हती थोडीच! त्या पोळ्या लाटून आल्या होत्या. मुंबईच्या त्या बायांनी सरकारला घाम फोडला.

आज तर एवढेही करावे लागत नाही. रस्त्याकडेच्या झाडाच्या खोडाला कधी एक कागद चिकटवलेला दिसतो. पावसाने शाई पसरलेली, एक कोपरा सुटून फडफडणारा. क्लासची जाहिरात असेल समजून आपण पुढे जातो. ती झाड तोडण्याची नोटीस असते. कोणते झाड, कशासाठी तोडायचे, हरकत कुठे द्यायची, सगळे त्यात लिहिलेले असते. मुदत सात दिवस. सातव्या दिवसापर्यंत कोणीच बोलले नाही, तर कोणाची हरकत नाही असेच कागदोपत्री राहते. नंतर करवत चालू झाल्यावर फोटो काढून ग्रुपवर रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावण्यात काय अर्थ? तो कागद वाचा. चार ओळी लिहा: झाड वाचवून हे काम होऊ शकते का, पर्याय तपासला का? शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. उद्यान विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रस्त्याचेही तसेच. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. आपल्या रस्त्याचे काम कोणत्या कंत्राटदाराला दिले, किती रुपयांचे, हमीचा काळ कधी संपतो, एवढे तीन प्रश्न पुरेत. हमीच्या काळात रस्ता उखडला तर तो कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो. हे उत्तर हातात असलेला माणूस १९१६ वर फोन करतो, तेव्हा त्याच्या आवाजात विनवणी नसते.

२०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. काही राज्यांनाही हेवा वाटावा एवढा पैसा. तो आपल्या मालमत्ता करातून आणि भाड्यातून वळता होणाऱ्या करातूनही जमतो. त्यातला आपल्या विभागाच्या वाट्याला किती आला, एवढे विचारणे म्हणजे राजकारण करणे नव्हे. ‘आम्हाला राजकारणात पडायचे नाही’ म्हणणाऱ्या सज्जनांना माझा आदरपूर्वक विरोध आहे. गटार राजकारणात आधीच पडलेले आहे.

एकट्याने मात्र हे करू नका, दमछाक होते. चाळी पडून टॉवर उभे राहिले, तशी चाळ कमिटीही गेली. नळाला पाणी आले नाही की दहा मिनिटांत वीस माणसे गॅलरीत जमायची, ते गेले. आता पंधराव्या मजल्यावरच्याला सातव्या मजल्यावरच्याचे नाव ठाऊक नसते. तरीही गच्ची आहे, सोसायटीची बैठक आहे. पार्किंगचे भांडण आटोपल्यावर दहा मिनिटे रस्त्याला द्या. चार-पाच इमारती मिळून प्रगत परिसर व्यवस्थापन समिती, म्हणजे एएलएम, नोंदवता येते. घाटकोपरच्या जोशी लेनने नव्वदच्या दशकात अशीच सुरुवात करून आपला रस्ता कचरामुक्त केला होता. दादरला ते जमणार नाही?

आणि नवीन नगरसेवकांना भेटा. मत कोणाला दिले होते ते विसरून भेटा. तक्रारीच्या आधी ओळख करून द्या. क्षेत्रसभा कधी घेता, हे प्रत्येक भेटीत हसतमुखाने विचारा. त्यांतले अनेक जण पहिल्यांदाच निवडून आलेत, त्यांनाही पाठीशी उभी राहणारी माणसे हवीच आहेत. वॉर्ड ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांनाही शत्रू समजू नका. पावसात मॅनहोलवर उभा राहणारा माणूस त्यांच्यातलाच असतो.

आपल्या इमारतीतल्या अठरा वर्षांच्या पोरापोरींना बरोबर न्या. अर्ज त्यांना लिहू द्या, आपल्यापेक्षा बरा लिहितील. निवृत्त काकांकडे पाठपुरावा सोपवा, सरकारी कागद कसा हलतो हे त्यांना बरोबर ठाऊक असते. ज्या काकूंना अख्खी गल्ली ओळखते, त्यांच्याकडे माणसे जमवण्याचे काम द्या.

गणपतीच्या वर्गणीची पावती पुस्तके घेऊन आपण सगळे मजले चढतोच. यंदा त्या पुस्तकाबरोबर एक अर्जही घ्या आणि प्रत्येक दारातून वर्गणीसोबत एक सही आणा.