कमवा आणि शिका, पण कोणी?

दिवाळीची सुट्टी लागली की सातारा-सांगलीतली वसतिगृहं ओस पडतात. पोरं मळकी चादर न् दोन पुस्तकं बॅगेत कोंबून एसटी पकडतात आणि सुट्टी संपली की चकली-करंज्यांचे डबे घेऊन परततात. ते डबे खोलीत दोन दिवसही टिकत नाहीत. यंदाचा अंक या पोरापोरींवर आहे. त्यांची मेस, त्यांची खोली, त्यांचं गॅदरिंग आणि त्यांची भांडणं.

या वसतिगृहांची गोष्ट जुनी आहे. १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज निघालं आणि कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. हे भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून काढले गेले होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायला साफ नकार दिला, एवढाच गुन्हा. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग उघडलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. स्वयंपाक, पाणी, सरपण, झाडलोट, शेत, सगळं मुलांनीच करायचं. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. ही हकिगत आपण व्यासपीठावरून इतक्यांदा सांगतो की त्या मुलांनी थापलेल्या भाकऱ्या तिच्याआड जातात.

अमेरिकेत श्रम करून शिकण्याचा हा प्रयोग जवळजवळ नव्वद वर्षं आधी होऊन गेला होता. ओहायोतलं ओबर्लिन १८३३ मध्ये निघालं ते ‘विद्या आणि श्रम’ हे ब्रीद घेऊनच. दोन वर्षांत तिथं कृष्णवर्णीयांना प्रवेश खुला झाला आणि १८३७ पासून मुली मुलांबरोबर पदवीचा अभ्यास करू लागल्या. शेतीतून खर्च काही निघेना, तेव्हा तिथली श्रमाची सक्ती सैल पडली. मेरी लायनबाईंनी मॅसॅच्युसेट्समध्ये १८३७ सालीच मुलींसाठी माउंट होल्योक काढलं. तिथं बापाची ऐपत कितीही असो, प्रत्येकीला रोज घरकामाची पाळी होती. त्यामुळे वर्षाचा खर्च साठ डॉलरांत बसायचा.

पाळी सगळ्यांना, ही खरी मेख. आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना आजही चालू आहे, पण बहुतेक ठिकाणी ती गरजूंपुरती. अर्ज करायचा, गरज दाखवायची, मग ग्रंथालयात पुस्तकं लावायची किंवा बागेला पाणी घालायचं, तासावर पैसे. ऐपतवाला त्या वेळी कँटीनला. मग ‘योजनेतला’ हा शिक्का बसायला कितीसा वेळ लागतो? आमच्या मते एकतर झाडू सगळ्यांच्या हाती द्यावा, नाहीतर गरजूंना सरळ शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांची संध्याकाळ अभ्यासाला मोकळी ठेवावी.

‘एवढी फी भरून आमच्या मुलानं झाडू मारायचा?’ असं विचारणारे पालक आहेत, हे ठाऊक आहे. त्यांनी जरूर लिहावं. पत्रं छापू, फक्त ती मुलाकडून लिहवून घेऊ नयेत.